धाकटीच्या घरची काळी फरशी

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो. वाटायचा नव्हे, वाटतो. तिला पंचायत समितीत नोकरी लागली तेव्हा वाटला. ती स्कूटीवर बसून नंदुरबारला जायला लागली आणि येताना माझ्यासाठीही कोथिंबीर आणायला लागली तेव्हा वाटला. आमच्या सासूने मला सतरा वर्षांत एकदाही ‘जेवलीस का’ म्हणून विचारलं नाही, आणि हिच्यासाठी मात्र ती दुपारची भाकरी झाकून ठेवायला लागली, तेव्हा तर फारच वाटला. पण हे सगळं मी गिळलं. गिळायची सवय असते आपल्याला. गिळता आली नाही ती तिची फरशी.

आमचं गाव तापीकाठी, घरं शेजारी शेजारी, मध्ये एक बोळ. माझं घर जुन्या बांधणीचं, खाली शहाबादी, तीही कोपऱ्याकोपऱ्यांना टवके उडालेली. दिराने बोळापलीकडे नवं घर बांधलं तेव्हा मला वाटलं, पांढरी चकचकीत टाईल टाकतील, सगळेच टाकतात, त्यात हेवा करण्यासारखं काय असतं? पण एक दिवस ट्रक आला आणि त्यातून काळे दगड उतरले. नुसते काळे नव्हेत. एकात हिरवट झाक, एकात तांबूस, एकात राखेसारखा निळसर रंग. वरून गुळगुळीत नाहीत, तर पापुद्रा उकलून काढावा तसे खालीवर. गवंडी म्हणाला, ही स्लेट आहे, राजस्थानची. म्हणजे लहानपणी शाळेत आपण ज्या पाटीवर थुंकी लावून अक्षरं पुसायचो तोच दगड, फक्त जाड.

ओटा आणि बैठक, दोन्हीकडे ती बसवली. वैशाखात बाहेर पाय भाजत असताना तिच्या ओट्यावर पाऊल टाकलं की थंडावा थेट डोक्यापर्यंत जायचा. येणारी जाणारी बाई उंबऱ्याशी चपला काढायची आणि म्हणायची, “ओ माय वं, कितली भारी फरशी!” मी बोळाच्या अलीकडे तांदूळ निवडत ते ऐकायचे. दिवसातून तीनदा ऐकायचे. एकदा मी म्हणूनही टाकलं की काळ्या फरशीवर साप आला तर दिसायचा नाही. कोणी मनावर घेतलं नाही.

तरी माझ्याकडे एक गोष्ट होती जी तिच्याकडे नव्हती. कानबाई.

खानदेशाबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. प्रत्येक घरी नाही, सगळ्या भाऊबंदकीची मिळून एका घरी. त्या घराला रंग लागतो, भांडंन् भांडं घासलं जातं, गिरणीवाला गिरणी धुऊन आमचे रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू दळून देतो. सगळ्या घरच्या बायका त्या एका घरी येऊन पुरण शिजवतात, देवीच्या नारळाला नथ आणि डोरलं घालतात, गाणी म्हणतात. सोमवारी सकाळी तिला डोक्यावर घेऊन नाचत नदीवर नेतात. मग वर्षभर लोक बोलताना म्हणतात, कानबाईवाल्यांच्या घराजवळ, कानबाईवाल्या वहिनी. मी लग्न होऊन आले त्या वर्षी सासूने तो मान माझ्या हाती दिला होता. मला नोकरी नाही, माहेर असून नसल्यासारखं, हाताला काही खास चव आहे असंही कोणी म्हणत नाही. सांगण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं.

आणि त्या आषाढात सासू वाती वळता वळता म्हणाली, “यंदा कानबाई धाकलीना घर बसाडूत. तिनी बैठक मोठी शे. तुन्हा घरमा बाया दाटीमा बठतस.”

मी म्हटलं, “बसाडा ना माय. ते घरबी आपलंच शे.” तोंडात साखर घोळवावी तसं म्हटलं, आणि आत जाऊन कणीक इतकी मळली की त्या दिवशीच्या पोळ्या रबरासारख्या झाल्या. नवरा म्हणाला, आज काय झालं पोळ्यांना? मी म्हटलं, गहू नवा आहे.

चार दिवसांनी धाकटी बोळ ओलांडून आली. “ताई, मन्ही फरशी दखी का कशी व्हई गयी? माय म्हणस, कानबाई बसाडानी शे. तुम्हना हात चांगला शे, तुम्हीच सांगा आते काय करू.”

मी गेले. खरं सांगायचं तर आनंदाने गेले, कारण फरशीची दशा झाली आहे हे ऐकून कोणाला बरं वाटणार नाही? आणि दशा झालीच होती. गवंड्याने सांधे भरताना सिमेंट नीट पुसलं नव्हतं, ते खाचाखाचांत बसून पावसाळी ओलीने बैठकीतल्या सगळ्या दगडावर राखाडी साय आली होती. हिवाळ्यात धाकटीने नंदुरबारच्या बाजारातून मिरची आणली होती. आमच्याकडे तिखट कुटताना मिरचीला तेलाचा हात लावतात, म्हणजे रंग टिकतो. ती तेल लावलेली मिरची हिने बैठकीत थेट दगडावर पसरली. टाईलवर पसरली असती तर पुसून निघाली असती. हा दगड पितो. बरोबर मध्यभागी परातीएवढा तांबडा तेलकट डाग, जिथे कानबाईचा पाट मांडायचा तिथेच.

दीर तोवर अ‍ॅसिडची बाटली घेऊन आला होता. आमच्याकडे फरशीला काहीही झालं की अ‍ॅसिड हेच औषध. मी म्हटलं, थांबा. मागच्या अंगणात उरलेल्या दगडाचा तुकडा पडला होता, त्यावर थोडं ओतलं. तुकडा फसफसला, गंजासारखा पिवळा पडला आणि नखाने टोकरला तर पापुद्रे सुटायला लागले. दीर म्हणाला, “मोठी वहिनी नही ऱ्हाती तं फरशी गयी व्हती आज!” मला ते ऐकून किती गोड वाटलं सांगू! ज्या फरशीवर माझा इतका राग, तिला मीच वाचवत होते.

पुढचे बारा-तेरा दिवस माझं घरचं आवरलं की मी त्या फरशीवर. आधी कोरडीच झाडली, कारण वाळूचा कण राहिला तर घासताना तोच ओरखडे काढतो. सिमेंटची साय बांबूच्या खापेने खरवडली, एकेक दगड, पापुद्रा ज्या दिशेला आहे त्या दिशेने. लोखंड लावायचं नाही. मग रिठ्याच्या पाण्याने नायलॉनच्या ब्रशने घासायची, लगेच पाणी टिपून घ्यायचं, साचू द्यायचं नाही. तेलाच्या डागावर मुलतानी माती आणि खायचा सोडा कालवून जाड थर दिला, वर प्लास्टिक झाकलं. दुसऱ्या दिवशी माती उचलली तर तिच्यात तांबूसपणा उतरलेला. पुन्हा थर. पुन्हा. पाचव्या खेपेला डाग इतका फिका झाला की ज्याला ठाऊक त्यालाच दिसावा. दोन दगडांच्या कडा सुटल्या होत्या, त्या चिकटवून वर पाटा ठेवून दाबल्या.

गुडघे सुजले माझे. धाकटी कचेरीतून आली की चहा आणून द्यायची आणि शेजारी बसून फडकं मारायची. आणि मी मान खाली घालून घासत असताना खालून तो दगड वर यायचा. हिरवा, तांबूस, निळा. ओला असला की असा दिसायचा की माझा हात थांबायचा. मग आठवायचं, की मी हे सगळं माझी कानबाई इथे आणून बसवायला करते आहे. मीच माझ्या हाताने. तेव्हा मला धाकटीचा इतका राग यायचा की तिने दिलेला चहा मी बोळात ओतून द्यायचे आणि कप धुऊन परत करायचे.

शेवटचं काम सीलरचं. दगडावर त्याचा हात दिला की दगड तेल-पाणी पीत नाही आणि ओल्यासारखा खुलून दिसतो. नंदुरबारच्या दुकानदाराने डबा देताना बजावलं होतं की फरशी पूर्ण कोरडी हवी. वरून कोरडी दिसते तेवढं चालत नाही, आतलं पाणी गेलेलं हवं. पाणी आत राहिलं तर वरचा थर दुधासारखा पांढरा पडतो. परीक्षा सोपी होती: हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी खाली बघायचं. दिवस पावसाचे, हवेत ओल, मीठ बरणीत पाझरत होतं. आम्ही पंखे लावून ठेवले होते. मी खताच्या गोणीतलं आतलं प्लास्टिक धुऊन बैठकीत चिकटवलं.

गुरुवारी सकाळी आठ वाजता मी गेले. धाकटीने रजा टाकली होती, ती आत स्वयंपाकघरात होती. मी खाली बसले, चिकटपट्टी सोडवली, प्लास्टिक उचललं.

खाली थेंब होते. बारीक बारीक, कढईवरचं झाकण उचलावं तसे.

“ताई, कशी शे?” आतून आवाज आला.

मी पदराने आधी दगड पुसला, मग प्लास्टिक पुसलं. घाईघाईने नाही, नीट पुसलं. आणि म्हटलं, “कोरडी शे. लाई टाकूत.”

हे मी का केलं, असं मला कोणी विचारलं तर उत्तर तयार आहे आणि ते एकच आहे. कानबाई तिच्याकडे जायला नको होती. त्यापलीकडे माझ्या डोक्यात काही नव्हतं. दुपारपर्यंत आम्ही दोघींनी मिळून सीलर लावलं. ती ब्रश मारायची, मी मागून फडक्याने जादाचं टिपायचे. त्यातही मी कसूर केली नाही, एक रेघ उमटू दिली नाही. फरशी वाया जाणार हे ठाऊक होतं, तरी माझ्या हाताला कोणी नाव ठेवू नये असं मला वाटत होतं!

शुक्रवारी सकाळी बोळापलीकडून तिच्या रडण्याचा आवाज आला. बैठकभर पांढरे ढग उठले होते, कुठे दाट, कुठे विरळ, ताक सांडून वाळल्यासारखे. दिराने फडक्याने घासून पाहिलं, ओल्याने, कोरड्याने, काही फरक नाही. सासू दारात उभी राहिली, पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, “असी फरशीवर कानबाई नही बसाडतस. मोठीना घरच बसू द्या.” सुंठेवाचून खोकला गेला असं मी म्हणू शकत नाही, सुंठ मीच दिली होती. दीड दिवसात मी माझं घर असं धुतलं की टवके उडालेली शहाबादीसुद्धा लाजली असेल.

रविवारी भाऊबंदकीच्या बायका माझ्या घरात दाटीने बसल्या. पुरण वाटणं चाललं होतं, देवी पाटावर बसली होती, तिची नथ मीच घातली होती. तेवढ्यात एका चुलत सासूने धाकटीला विचारलं, “कोनी सांगं व्हतं वं तुले, वली फरशीवर लावाले?”

माझा हात पुरणात तसाच राहिला.

“कोनी नही,” धाकटी म्हणाली. “ताई तं थांब म्हणे. मन्हीच घाई नडी.”

बायका च्‌ च्‌ करत पुन्हा वाटायला लागल्या. आजकालच्या पोरींना दम कसा नाही यावर कोणीतरी बोलली आणि धाकटीने मान हलवली. मी उठून मागच्या मोरीत गेले. ती भांडी घेऊन मागोमाग आली. मी विचारलं, “मी थांब कव्हय म्हणे तुले?”

ती भांडी विसळत राहिली. म्हणाली, “सकाये सहाले मी दखेल व्हतं, ताई. एक कोपरा उचलीसन. पानी व्हतं. मंग तुम्ही कोरडी सांगं. मन्हं मन म्हणे, मीच नीट नही दखं व्हई. ताईले जास्त समजस.”

“मंग आते बायासमा असं कसाले सांगं?”

“कानबाई बठेल शे घरमा. तिना मव्हरे कोनं नाव काढू?”

एवढं बोलून ती भांडी घेऊन आत गेली. मला वाटतं, त्या वेळी मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर. आधी जे वाटलं तो हेवाच होता. नोकरी, स्कूटी, फरशी हे सगळं एकवेळ मिळवता येतं. पण आपल्या घराचा सत्यानाश करणारीचं नाव झाकायचं आणि वर तिचीच भांडी घासायची, हे मला सात जन्मांत जमलं नसतं, आणि ते हिला मोरीत उभ्या उभ्या जमलं होतं.

चैत्रात ऊन तापलं तेव्हा मी आपण होऊन गेले आणि म्हटलं, फरशीवरचं ते पांढरं मी काढून देते. नाकातोंडाला कापड बांधून, खिडक्या उघड्या टाकून, हातभर जागेवर थिनरचं फडकं ठेवायचं, थर मऊ झाला की लाकडी पट्टीने खरवडायचा, पुसायचा, पुढची हातभर जागा घ्यायची. खाचांमधला पांढरा थर दात घासायच्या ब्रशने काढला. अठरा दिवस गेले. मग फरशी धुतली आणि नुसती ठेवली, खानदेशातल्या उन्हाच्या स्वाधीन. प्लास्टिक तीनदा चिकटवलं आणि तिन्ही सकाळी धाकटीला बोलावून तिच्याच हाताने उचलायला लावलं. तिने तिन्ही वेळा हात फिरवून पाहिलं. मग दोन हात सीलर दिलं. तो दगड असा उघडला की दीर घरात यायच्या आधी पाय धुवायला लागला. मी काही प्रायश्चित्त वगैरे मनात धरून केलं नव्हतं. तिचं माझ्यावर चढलेलं ऋण उतरवायचं होतं, आणि ते उतरत नव्हतं.

पुढचा आषाढ आला. भाऊबंदकीच्या बायका धाकटीच्याच ओट्यावर जमल्या होत्या, थंड दगडावर पाय पसरून. सासू म्हणाली, “यंदाबी मोठीनाच घर बसाडूत. गये साल नवा घरमा इघन उनं. परत कसाले?”

विघ्न हा शब्द ऐकून धाकटी खाली बघत होती. आणि मी बोलले. ठरवलं नव्हतं. म्हटलं, “इघन नही व्हतं ते, माय. फरशी वली व्हती आनि माले ठाऊक व्हतं. पानी मी पदरवरी पुसं. हाई बिचारीनी मन्हं नाव झाकं. कानबाई तिनाच घर बसाडा.”

मला वाटलं, आता शिव्या पडतील, पडू देत. मला हलकं वाटत होतं. सासू उठली, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

“असं कबूल कराले छाती लागस,” ती बायकांना म्हणाली. “आनि हाई तिन्ही छाती नही. तिना तोंडमा कानबाईच बोलनी. देवीले तठेच बठानं शे, मोठीना घर. आते इचारानं काम नही.”

बायकांनी हात जोडले. कोणी म्हणाली, खरं शे. कोणी म्हणाली, मोठीचं मन मोठं. चुलत सासू म्हणाली, आपल्या घराण्यात अशी बाई आहे म्हणून बरं. मी नको म्हटलं. खरं सांगते, मी नको म्हटलं, पण मोठ्याने नाही म्हटलं. बायका माझ्याभोवती उठल्या, चहा झाला, रोटाच्या गव्हाचं ठरलं, आणि सगळ्या आपापल्या घरी गेल्या.

मी मागे राहिले. धाकटी कपांच्या खाली उमटलेली वर्तुळं पुसत होती. मला वाटलं, ती काहीतरी चांगलं बोलेल. मी त्याची वाट बघत उभी होते.

तिने मान वर केली नाही. “इतलं एक मन्हाजवय व्हतं, ताई,” ती म्हणाली. “तुम्हनं नाव मी झाकं, ते माले आनि तुमलेच ठाऊक व्हतं. इतलं तरी मन्हाजवय ऱ्हावू देवानं व्हतं.”

मी बोळ ओलांडून घरी आले. कानबाई माझ्या घरी बसणार होती, आणि मला आनंद झाला होता.